आमची वाटचाल: फिरत्या बिंदूंपासून धावत्या गाड्यांपर्यंत

संगणकावर हालचालींची नक्कल (सिम्युलेशन) करणं हे आमचं काम. त्यातली पहिली कामं गाड्यांची नव्हती, बिंदूंची होती. वायरलेस नेटवर्कच्या चाचणीला फिरते नोड, म्हणजे नेटवर्कला जोडलेली उपकरणं, लागतात. त्यासाठीचं रूढ मॉडेल अगदी साधं: नोड मैदानातला कुठलाही बिंदू आणि एक वेग निवडतो, सरळ तिथे जातो, मग पुन्हा नवा बिंदू. वेग सेकंदाला १ ते १९ मीटर दिला की सरासरी १० येईल असं वाटतं. वाटेत कुठेही न थांबताही ती ६.१ वर येऊन टेकते. संथ फेऱ्या जास्त वेळ चालतात, त्यामुळे कुठल्याही क्षणी मोजा, रेंगाळणारेच जास्त सापडतात. किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी घसरतच राहते. म्हणून आम्ही किमान वेग शून्याच्या बराच वर ठेवतो आणि सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळतो. नोड मधोमध गर्दी करतात, तो दोष मात्र तरीही उरतोच.

मग रस्ते आले. नागेल-श्रेकेनबर्गच्या १९९२च्या वाहतूक मॉडेलात रस्ता ७.५ मीटरच्या घरांत आणि वेळ १ सेकंदाच्या पायऱ्यांत विभागलेला असतो. कोंडी का होते हे समजायला ते पुरतं. ब्रेक किती जोरात लागला हे विचारलं की ते अपुरं पडतं.

तिथून आम्ही इंटेलिजंट ड्रायव्हर मॉडेलकडे वळलो. पुढच्या गाडीकडे पाहून मागची गाडी वेग किती वाढवेल किंवा कमी करेल, हे ते सांगतं. त्यात पाचच मुख्य आकडे लागतात: इच्छित वेग, पुढच्या गाडीपासून वेळेतलं अंतर (साधारण १.५ सेकंद), उभ्या गाड्यांमधलं किमान अंतर (२ मीटर), प्रवेग आणि सुसह्य ब्रेक. चुका समीकरणात कमी, कोडमध्ये जास्त. अंतर बंपर ते बंपर धरायचं असतं. पुढच्या गाडीची लांबी वजा करायची राहिली की सगळा रस्ता खोटाच मोकळा दिसतो. थांबणाऱ्या गाडीचा वेग एका पायरीत ऋण झाला तर ती मागे सरकते. तेव्हा वेग शून्य करून तिला फक्त आधीच्या वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन एवढंच पुढे न्यायचं.

सर्वांत जास्त वेळ खातं ते कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेलचे आकडे खऱ्या गाड्यांच्या नोंदींशी जुळवणं. जीपीएसच्या जागांमधून दोनदा फरक काढून प्रवेग मिळवण्याचा मोह होतो. पण सेकंदाला एक नोंद आणि प्रत्येक नोंदीत अर्ध्या मीटरची स्वतंत्र चूक असेल, तर प्रवेगातली चूक १.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग होते, म्हणजे जवळपास गाडीच्या खऱ्या प्रवेगाएवढीच. म्हणून आम्ही प्रवेग जुळवत नाही. मॉडेलमध्ये पूर्ण प्रवास चालवून दोन गाड्यांमधलं अंतर जुळवतो. ग्राहकाकडूनही कच्च्याच नोंदी मागतो. आधीच गुळगुळीत करून पाठवलेल्या फाइलमध्ये जोराचा ब्रेक पुसला गेलेला असतो, आणि तो परत आणता येत नाही.