वेळासला जाताय? दोन मुक्काम धरा, नाहीतर जाऊ नका

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक जातात. ‘एक मुक्काम, कासवदर्शन हमखास’ असं सांगून त्यासाठी लातुरात माणशी साडेसहा हजार घेतले जातात. संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू, सकाळीही तेच, आणि दहाला गाडी परतीला. जाताना पाचशेच्या वर किलोमीटर, येताना तेवढेच. ही सरळ फसवणूक आहे, कारण हमखास असं तिथं काहीच नसतं.

अंडी कधी घातली ती तारीख कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, लिहून ठेवतात. पण पिल्लं ४५ ते ६० दिवसांत कधीही निघतात. वाळू तापली की लवकर, गार राहिली की उशिरा. टोपल्या उचलतात सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे एका मुक्कामात दोनच संधी, दोन मुक्कामांत चार. निघायच्या आदल्या दिवशी, जिथं उतरणार त्या घरी फोन लावून एवढंच विचारा: पन्नास दिवस उलटलेली घरटी किती? एकही नसेल तर गाडी काढू नका. मधल्या माणसाला पैसे देऊ नका, घरमालकाशीच बोला.

मादी अंडी घालताना दाखवतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ती रात्री येते, आणि उजेड किंवा हालचाल जाणवली की अंडी न घालताच समुद्रात परतते.

मुलांना हॅचरी, म्हणजे अंडी जपायची जागा, मात्र नीट दाखवा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं दीडेक फूट खोल, आपल्याकडच्या ज्वारीच्या पेवासारखं: तोंड अरुंद, पोट रुंद. त्यात शंभर-सव्वाशे अंडी. कुत्री-कोल्ही उकरायच्या आत ती काढून जाळीच्या कुंपणात तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. हलवताना अंडं उलटं-सुलटं झालं तर आतला गर्भ मरू शकतो, म्हणून वरची बाजू वरच ठेवायची. पूर्वी याच किनाऱ्यावरची अंडी माणसंच पळवायची. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेतलं, आणि आज गावच राखण करतं. एवढं समजलं तर पिल्लू न दिसताही मुलं रिकाम्या हाती येत नाहीत.

रस्ता ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असा. मंडणगडपर्यंत तक्रार नाही. पुढचा टप्पा वाईट: अरुंद, वळणावर वळण, समोरून एसटी आली की मागं घ्यावं लागतं. पन्नास आसनांची बस नेऊच नका, सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर पुरे. डिझेल मंडणगडलाच भरा आणि अंधारात हा टप्पा धरू नका. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या ड्रायव्हरला तर मुळीच लावू नका.

किनाऱ्यावर दोरीच्या मागंच थांबा. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. पिल्लं उजेडाकडं वळतात. हातात घेऊन पाण्यात सोडायचा हट्ट नको, ती चालतच जायला हवीत. आणि दोरीपुढच्या वाळूत आधी कुणाची पावलं उमटली असतील तर कासवमित्रांना विचारून ती बुजवा. पिल्लू जेमतेम दोन पेरांएवढं असतं, टाचेच्या खळग्यात पडलं की वर यायला धडपडत राहतं.