शॉक लागला, उठून बसला, पण कागदावर काय आलं?

परवा एका जुन्या सोबत्याचा फोन आला. त्याचा मेहुणा साईटवर कटर चालवत होता, केबलचा जॉइंट पाण्यात पडलेला, आणि त्याला शॉक बसला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता, तिथून खाली पडला. पाच मिनिटांत उठून बसला, पाणी प्यायला, मुकादम म्हणाला आज सुट्टी घे, आणि विषय संपला. तीन आठवड्यांनी उजव्या हाताची दोन बोटं बधिर, पकड गेलेली. आता ठेकेदार म्हणतो, "त्याच दिवशी का नाही बोलला? हे घरी झालं असेल."

मी काही वकील नाही, वायरिंगच्या कामात आयुष्य गेलं, पण असले किस्से इतके बघितलेत की फोनवर अर्धा तास बोलत बसलो. तेच इथे टाकतोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की चूक कोणाची हे ठरल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. पूर्वी असंच होतं. इंग्लंडात 1837 मध्ये प्रिस्टली विरुद्ध फाउलर नावाचा खटला झाला, खाटकाकडे काम करणारा पोरगा, गाडीत माल जास्त भरलेला, गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली, आणि कोर्टाने मालकाला सोडून दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मालकाकडे तीन उत्तरं तयार असायची: चूक तुझीच, नाहीतर चूक तुझ्या सोबतच्या कामगाराची, नाहीतर धोका माहीत असून तू कामावर आलास. मग जर्मनीत 1884 ला अपघात विम्याचा कायदा आला, ब्रिटनमध्ये 1897 ला, भारतात 1923 ला, आणि हिशेबच बदलला. काम करताना, कामामुळे इजा झाली ना? मग भरपाई द्या. चूक शोधत बसू नका. बदल्यात कामगाराला रक्कम ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते, कोर्टात भांडून मिळू शकते तेवढी नाही. सौदा आहे हा, एकदम गोड नाही, पण भरवशाचा.

म्हणून "हातमोजे घातले नव्हते" असं कोणी तोंडावर फेकलं तर लगेच मान खाली घालू नका. बहुतेक ठिकाणी साध्या बेफिकिरीने हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणं, मुद्दाम सेफ्टी काढून टाकणं, असल्या गोष्टींनी अडचण होते, ती वेगळी.

आता विजेची खरी भानगड. इथे इजा दिसतच नाही हो. वीट पडली तर डोकं फुटलेलं दिसतं, शॉकमध्ये बोटावर एक काळा ठिपका आणि आत स्नायू भाजलेले. साधारण 10 मिलिअँपिअरच्या आसपास माणसाचा हात वायरला चिकटून बसतो, सोडता येत नाही, आणि बोर्डातला 16 अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) तिकडे निवांत असतो, त्याच्या लेखी काही झालेलंच नाही. तो वायर वाचवायला आहे, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट बाहेर गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतो आणि साईटवर तो सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी बायपास केलेला असतो. (हे करणाऱ्याला मी स्वतः शिव्या घातल्यात, दुसऱ्या दिवशी परत तेच.)

शॉकनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायू तुटून किडनीवर लोड येतोय, लगेच दवाखाना. हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून ईसीजी पाहिजेच. मुंग्या, बधिरपणा, झोप उडणं, विसरायला होणं हे नंतर सुरू होऊ शकतं, डोळ्यात मोतीबिंदू तर कधी कधी काही महिन्यांनी येतो. मग सहा महिन्यांनी तुम्ही म्हणणार हे त्या शॉकमुळे झालं, आणि समोरचा विचारणार शॉक लागला होता याला पुरावा काय.

त्यामुळे पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा कागद सोन्याचा. डॉक्टरला स्पष्ट सांगा, कामावर विजेचा शॉक लागला, कुठून शिरला, किती वेळ चिकटलो, बेशुद्ध झालो का. आणि उंचीवरून पडला असाल तर फक्त "पडलो" म्हणू नका! हे फार होतं. हाड मोडलेलं दिसतं म्हणून कागदावर नुसतं "पडून इजा" येतं, वीज गायबच होते, आणि नंतर नसांचा त्रास निघाला की तो त्या कागदात कुठे बसतच नाही. मेहुण्याच्या बाबतीत तर कागदच नाही, सगळं तोंडी.

दुसरा पुरावा साईटवर असतो आणि तो संध्याकाळपर्यंत नाहीसा होतो. कोणी मुद्दाम करतं असंही नाही, काम चालू ठेवायचं म्हणून केबलला नवी टेप लागते, बोर्ड बदलतो, मशीन रिपेअरला जाते. म्हणून सप्लाय बंद झाल्यावर (आधी नाही, प्लीज) सोबत्यांपैकी कोणीतरी फोटो काढा: जॉइंट, अर्थिंग, बोर्ड, पाणी, मशीनवरची नंबर प्लेट. नंबर प्लेटचं कारण असं की भरपाई मालकाकडून मिळते ती एक वाट, पण मशीनच खराब बनवलेली असेल किंवा दुसऱ्याच ठेकेदाराने वायर उघडी सोडली असेल तर त्या तिसऱ्यावर वेगळा दावा लावता येतो. तिथे मात्र चूक सिद्ध करावी लागते, आणि फोटोशिवाय ती कशी करणार.

"तू माझ्या हजेरीवर नाहीस, त्या छोट्या ठेकेदाराकडे जा" हे वाक्य पण ऐकावं लागतं. भारताच्या 1923 च्या कायद्यातच लिहिलेलं होतं की काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते, आणि इतरही बऱ्याच देशांत असंच काहीतरी आहे. परदेशात कामाला गेलेल्यांसाठी 1925 चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 19 नंबरचा करार आहे, तो मान्य केलेल्या देशांनी एकमेकांच्या कामगारांना अपघात भरपाईत आपल्या माणसांसारखंच वागवायचं. त्याच संघटनेचा बांधकामाचा करार आहे, 167 नंबरचा, 1988 चा, त्यात तर सरळ म्हटलंय की काम सुरू करण्याआधी आणि चालू असतानाही साईटच्या खाली, वर, आत चालू विजेची केबल कुठे आहे ते शोधा आणि माणसांना वाचवा. जीवाला धोका वाटला तर तिथून बाजूला व्हायचा हक्क पण त्यात आहे. करार देशाने मान्य केलेला पाहिजे ही अट आहेच.

मुदतीचं मात्र जपा. कळवायची मुदत कुठे काही दिवसांची, दावा लावायची वेगळी, देशागणिक फरक. आणि "हे घे खर्चाला, इथे सही कर" म्हटलं तर पैसे घेण्याआधी कागद वाचून घ्या कोणाकडून तरी, त्यात बऱ्याचदा "आता काही मागणी नाही" असं असतं. कोऱ्या कागदावर तर अजिबात सही नको.

मेहुण्याला मी विचारलं, त्या दिवशी कोणी काही लिहिलं का कुठे? नाही म्हणाला. मग जरा वेळाने म्हणतो, मुकादमाने साईटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, "याला शॉक लागलाय, कटरवर दुसरा माणूस पाठवा". अरे मग! तारीख, वेळ, मुकादमाचं नाव, सगळं आहे की त्यात. त्याला सांगितलं स्क्रीनशॉट काढ, ग्रुपमधून बाहेर पडू नको, चॅट डिलीट करू नको, आणि तो फोन विकायला काढलायस असं ऐकलं, तो सध्या राहू दे. उद्या नसांची तपासणी करायला चाललाय, आणि डॉक्टरला काय सांगायचं ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलंय.