रायफलीच्या किमतीचं पुस्तक

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या बंदूक प्रदर्शनात मोकळा श्वास घ्यायचा असेल तर पुस्तकवाल्यांचं टेबल गाठावं. एप्रिल आणि नोव्हेंबर असं वर्षातून दोनदा इथल्या एक्स्पो स्क्वेअरच्या अवाढव्य इमारतीत हे प्रदर्शन भरतं. एका छताखाली अकरा एकर जागा आणि चार हजारांवर टेबलं. रायफली, संगिनी, पट्टे, बिल्ले, जुन्या काडतुसांची खोकी, आणि त्यातून खांद्याला खांदा घासत सरकणारी माणसं. पुस्तकांपाशी मात्र दोन-तीनच जण, तेही चष्मा कपाळावर चढवून पानं सावकाश उलटणारे. बाकीचे एखादा ग्रंथ उचलतात, नव्वद डॉलर ऐकतात, खाली ठेवतात आणि पलीकडे जाऊन नऊशेची बंदूक फारशी घासाघीस न करता घेऊन टाकतात.

मी ओक्लाहोमात सार्वजनिक ग्रंथालयात काम करते आणि बंदुकांशी माझा संबंध पुस्तकांपुरता. अमेरिका आणि बंदुका म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे बातम्यांत दिसतं तेच येतं. ते खोटं नाही आणि त्याबद्दल माझी मतं तिखट आहेत, पण आज तो विषय नाही. आज त्याच देशातल्या एका वेगळ्या जमातीबद्दल लिहितेय: जुन्या बंदुका जमवणारे संग्राहक. यांतले कित्येक जण आपल्याकडच्या बंदुकीतून गोळी झाडत नाहीत. ते तिचे स्क्रू बघतात, ठसे बघतात, लाकडाचा रंग बघतात आणि मग आमच्याकडे येऊन अशी पुस्तकं मागतात, जी आमच्याकडे नसतात.

इतकं काय असतं त्या पुस्तकांत? सिंगरचं उदाहरण घ्या. हो, तीच शिलाई मशीनवाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरण्याच्या सुमारास, बंदुका न बनवणाऱ्या कारखान्यांना हे काम जमतं का ते पाहायला सरकारनं सिंगरला ५०० एम-१९११ए१ पिस्तुलं बनवायला सांगितली. सिंगरनं ती बनवून दिली, पण पिस्तुलांचं मोठं काम इतरांकडे गेलं. सर्वांत जास्त पिस्तुलं बनवली रेमिंग्टन रँडनं, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी. आज चांगल्या स्थितीतलं रेमिंग्टन रँड काही हजार डॉलरांत मिळतं. सिंगरच्या एका पिस्तुलाला २०१७ साली लिलावात चार लाख डॉलरहून जास्त मिळाले. दोन्ही पिस्तुलं लांबून सारखीच दिसतात. फरक आहे तो वरच्या सरकत्या भागावरच्या नावात, क्रमांकात, पॉलिशमध्ये आणि तपासनिसाच्या बारीकशा शिक्क्यात. इतक्या पैशांचा फरक इतक्या छोट्या जागेत मावत असेल, तर ते नाव कुणीतरी नव्यानं कोरणार हे उघडच आहे. खऱ्या शिक्क्याचा मोठा, स्वच्छ फोटो आणि क्रमांकांची यादी यांसाठीच माणूस पुस्तकाचे पैसे मोजतो.

एम-१ कार्बाइनची गंमत तर आणखी पसरट. युद्धकाळात या हलक्या रायफली साठ लाखांवर बनल्या आणि मुख्य कंत्राटदार होते दहा. त्यांत विंचेस्टरसारखी बंदुकांची मुरलेली कंपनी होती, पण आयबीएमही होती, अंडरवुड टाइपरायटर होती, आणि नाणं टाकून गाणी वाजवणारी यंत्रं बनवणारी रॉक-ओला होती. प्रत्येकीनं आपापले सुटे भाग केले, एकमेकींना दिले-घेतले, आणि बारीक अक्षरांच्या खुणा मारल्या. युद्धानंतर सैन्यानं बहुतेक कार्बाइन उघडून दुरुस्त केल्या. तेव्हा कुठला भाग कुणाचा, हे बघायला तिथे कुणाला सवड होती? आज ते सगळं उलगडणारे जाडजूड खंड आहेत आणि लोक ते रात्र रात्र वाचतात. ज्यांच्यात अक्षरश: स्प्रिंगांवर प्रकरणं आहेत, अशी पुस्तकं मी हातात घेतली आहेत. आधी हसू आलं. मग लक्षात आलं की कुणीतरी वीस-तीस वर्षं प्रदर्शनांत, गॅरेजांत, म्हाताऱ्या सैनिकांच्या घरी जाऊन एकेक बंदूक उघडून क्रमांक वहीत उतरवले, तेव्हा ते प्रकरण झालंय. कारखान्यांची दफ्तरं कधी जळाली, कधी युद्धात नष्ट झाली, कधी नुसतीच रद्दीत गेली. कोल्ट या बंदूक कंपनीच्या कारखान्याला १८६४ साली मोठी आग लागली होती. अशा ठिकाणी उरलेल्या बंदुका हेच दफ्तर.

पुस्तकांनी बाजार नुसता समजावून सांगितला नाही, तो बदललाही. एम-१ गॅरँड ही अमेरिकी सैन्याची १९३६ साली स्वीकारलेली रायफल. तिच्या बोल्टसारख्या (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) भागांवर आराखड्याचा क्रमांक असतो आणि त्यापुढे सुधारणेचा आकडा. अमुक क्रमांकाच्या रायफलीत तमुक आकड्याचा बोल्ट असायला हवा, असे तक्ते पुस्तकांत छापून आले आणि लोक तसे भाग शोधू लागले. दुरुस्त्या होऊन मिश्र झालेली रायफल घ्यायची, तक्ता समोर ठेवायचा, एकेक भाग मिळवून बदलायचा. अशा रायफलीला इथे ‘करेक्ट’ म्हणतात आणि तिला जास्त भाव मिळतो. कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली ती ‘ओरिजिनल’. हा फरक नव्या गिऱ्हाइकाला कुणी आपणहून सांगत नाही. म्हणजे पुस्तक वाचून जोडलेली रायफल, पुस्तक वाचून पारखणाऱ्याला विकली जाते! मला विचाराल तर मिश्र भागांची, सैन्यानं चार वेळा दुरुस्त केलेली रायफलच जास्त खरी. पण माझ्या मताला या बाजारात किंमत नाही.

कायद्यासाठीही पुस्तक लागतं, हे मला इथे येईपर्यंत सुचलंच नसतं. १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते आणि केंद्राचे बंदूक खरेदी-विक्रीचे बहुतेक नियम तिला लागत नाहीत. राज्याराज्यांचे कायदे वेगळे. तेव्हा बंदूक १८९८ची की १८९९ची, हा प्रश्न शोभेचा नाही. उत्तर क्रमांकांच्या तक्त्यात असतं. फिनलंडची एम-३९ रायफल यात सगळ्यांवर कडी करते. तिच्या नळीवर १९४१, १९४२ अशी सालं असतात, पण फिनलंडनं ती जुन्या रशियन रायफलींच्या सांगाड्यावर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या भागावर, बांधली होती. लाकूड सोडवून सांगाड्याची शेपटी पाहिली की तिथे कधीकधी १८९०च्या दशकातलं साल निघतं. कायद्याच्या लेखी साल सांगाड्याचं, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात लढलेली ही रायफल पुराणवस्तू ठरते. कुठे बघायचं हे ज्याला ठाऊक तो टेबलाशी उभा राहून मनातल्या मनात हसतो.

आता पैशांकडे वळते. ही पुस्तकं महाग का, यात गूढ काही नाही. गुळगुळीत जाड कागद, शेकडो फोटो, मोठा आकार आणि गिऱ्हाईक मूठभर. अशा आवृत्त्या लहानच निघतात आणि बऱ्याचदा लेखक स्वतःच पदरमोड करून छापतो. साधारण साठ ते शंभर डॉलर ही नव्या ग्रंथाची नेहमीची किंमत. आवृत्ती संपली की खेळ सुरू होतो: दोनशे, तीनशे, कधी त्याहून वर. मग एखाद दिवशी पुनर्मुद्रण निघतं आणि तीनशेला घेतलेल्या माणसाचा चेहरा उतरतो. टपालखात्याचा पुस्तकांसाठी वेगळा स्वस्त दर आहे म्हणून बरं, नाहीतर या वजनाच्या ठोकळ्यांचा टपालखर्चच कंबरडं मोडेल.

सगळी पुस्तकं सारख्या लायकीची नसतात. नवखा माणूस आधी भावपुस्तिका मागतो, म्हणजे दरवर्षी निघणारी बंदुकांच्या किमतींची जाड सूची. ती उपयोगी आहे, पण तिचं आयुष्य दुधासारखं. वर्षभरात आकडे नासतात. बंदुकीवर मूळ रंग किती टक्के उरलाय यावर किंमत ठरते, आणि साठ टक्के की ऐंशी हे विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं कधी सारखं पाहिल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही. उलट नॉर्म फ्लेडरमन यांची जुन्या अमेरिकी बंदुकांची मार्गदर्शिका पाहा. पहिली आवृत्ती १९७७ची, नववी २००७ची. २०१३ साली फ्लेडरमन गेले. आतल्या किमती कधीच शिळ्या झाल्या, तरी लोक ते पुस्तक शोधत येतात, कारण कुठली बंदूक कोणती, तिचे किती प्रकार, त्यातला दुर्मीळ कुठला, हे शिळं होत नाही. माझं ऐकाल तर भावपुस्तिका आमच्याकडे बसून फुकट बघा आणि पैसे दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकात घाला.

प्रदर्शनात एका वस्तूपाशी माझे पाय हमखास थबकतात: ईशापूर रायफल. बंगालमधल्या कारखान्याचा शिक्का ओक्लाहोमात दिसला की कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. त्यातली २ए आणि २ए१ ही मॉडेलं ७.६२ मिलिमीटरची, १९६२च्या चीन युद्धानंतरची. विकणारे बिनदिक्कत सांगतात की ही इंग्रजांच्या जुन्या .३०३ (इंच मापाच्या) ली-एनफिल्ड रायफलीची नळी बदलून केलेली आहे. तसं नाही. जुना आराखडा ठेवून, पण जास्त मजबूत पोलाद वापरून ती नव्यानं बनवली गेली. .३०३च्या जुन्या रायफलींच्या नळ्या आतून कोरून पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .४१०च्या गुळगुळीत नळीच्या बंदुका केल्या गेल्या, ती वेगळी गोष्ट, आणि दोहोंची सरमिसळ होते. शिवाय इथल्या आयातदारांनी काही ईशापूर रायफली आखूड कापून ‘जंगल कार्बाइन’सारखी भारदस्त नावं देऊन खपवल्या. सैन्यात त्या रूपात त्या कधी नव्हत्याच. ली-एनफिल्ड घराण्यावरचा सर्वांत भरवशाचा ग्रंथ इयान स्केनर्टन या ऑस्ट्रेलियन लेखकाचा. त्याची २००७ची आवृत्ती आता जुन्या बाजारात कधीकधी बऱ्यापैकी ईशापूर रायफलीच्या किमतीला जाते. रायफल आधी घ्यावी की ग्रंथ? जाणते संग्राहक डोळे मिटून ग्रंथ म्हणतात.

पण त्या जाणत्यांनाही छळणारी एक गोष्ट आहे. तेच पुस्तक नकला करणाराही विकत घेतो. कोल्टची घोडदळाची रिव्हॉल्व्हर हे त्याचं ठळक उदाहरण. ऑरविल एन्सवर्थ या तपासनिसाच्या आद्याक्षरांची, १८७६ साली मूळनिवासींशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर या अमेरिकी घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीकडे असलेल्या गटातली रिव्हॉल्व्हर साध्या कोल्टच्या कितीतरी पट भावानं जाते. म्हणून ती आद्याक्षरं खोटी मारली जातात, आणि ती कशी दिसावीत हे पुस्तकातल्या फोटोंवरूनच शिकता येतं. या रिव्हॉल्व्हरांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या जॉन कोपेक यांनी बंदूक तपासून दिलेल्या पत्राला म्हणूनच इतकं वजन. कोल्ट कंपनीही शुल्क घेऊन दफ्तरातला उतारा देते: अमुक क्रमांकाची बंदूक अमुक तारखेला, अमुक लांबीच्या नळीची, अमक्याला पाठवली. विंचेस्टरच्या दफ्तरासाठी वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयाला लिहायचं. हे उतारे मौल्यवान आहेत, पण ते क्रमांकाबद्दल बोलतात. तुमच्या हातातल्या लोखंडावर तो क्रमांक कारखान्यात पडला की मागच्या वर्षी कुणाच्या तळघरात, हे त्यांना कसं कळणार? तिथे पुन्हा पुस्तक, भिंग आणि नजर.

ज्यांना इतका खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी आमचं खातं आहे. देशभरातली ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं पाठवतात, आणि कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठातला खंड काही आठवड्यांत आमच्या काउंटरवर येतो. नजर तयार करायची तर टल्साजवळच्या क्लेअरमोरमध्ये जे. एम. डेव्हिस संग्रहालय आहे. एका हॉटेलमालकानं जमवलेल्या हजारो बंदुका तिथे काचेआड आहेत. पुस्तक बगलेत मारून तिथे जाणारे लोक मी पाहिले आहेत. दुर्मीळ खंड बाहेरगावी द्यायला ग्रंथालयं नाखूश असतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

सर्वांत स्वस्त पुस्तकं मिळतात ती संग्राहक गेल्यावर. मुलं बंदुकांसाठी लिलाववाल्याला बोलावतात, कारण बंदुकांना किंमत असते हे त्यांना ठाऊक असतं. पुस्तकं खोक्यांत भरून आमच्या दारात येतात. त्यांच्या समासात पेन्सिलीनं क्रमांक, सालं, ‘हा शिक्का खोटा, टल्सा’ असले शेरे असतात. आमच्या विक्रीच्या नियमाप्रमाणे लिहिलेली प्रत ‘खराब’ गटात जाते, म्हणजे एक डॉलर. संग्राहक तर आधी तेच शेरे वाचतात आणि त्याच प्रतीवर उड्या मारतात. या खोक्यांसाठी वेगळा दर ठेवा असं मी लेखी सुचवलं आहे. आमच्या स्वयंसेवक बाईंचा त्याला ठाम विरोध आहे. त्यांचे यजमान बंदुका जमवतात आणि एक डॉलरच्या गटातले सर्वांत नेमानं येणारे गिऱ्हाईक तेच आहेत.