निशी-कासाई ते निहोम्बाशी: निंगेन डॉकची एक सकाळ

जपानमध्ये नोकरदाराची वर्षातून एकदा तपासणी करून घेणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे कामावर जाणारे मुकाट जाऊन येतात. त्यांच्या विम्यावर असलेल्या जोडीदाराच्या मागे मात्र कोणी लागत नाही. चाळिशीपासून दरवर्षी केन्पोकडून, म्हणजे कंपनीच्या आरोग्यविमा संस्थेकडून, घरी एक पाकीट येतं. सगळं जपानीत, त्यामुळे इथल्या बऱ्याच भारतीय घरांत ते जाहिरातींबरोबर रद्दीत जातं. त्यात तुमच्या नावाचं जुशिनकेन, म्हणजे तपासणीचं कूपन असतं! २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या सगळ्यांसाठी ही सोय आहे, घरी असणाऱ्यांसाठीसुद्धा. तेव्हा पाकीट आलं की फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा.

कूपनावरची तपासणी अगदी जुजबी असते: वजन, कंबर, रक्तदाब, रक्त, लघवी. बरीच केन्पो थोडे पैसे भरून त्याचा निंगेन डॉक, म्हणजे सगळ्या शरीराची सविस्तर तपासणी, करू देतात, आणि मी तोच घेतला. सगळा खर्च आपल्या खिशातून केला तर ४०-५० हजार येन सहज जातात, म्हणून आधी केन्पो किती देते ते विचारा. वर्ष एप्रिल ते मार्च धरतात. शरद ऋतूत गर्दी उसळते आणि बायकांसाठी राखलेले दिवस सगळ्यात आधी भरतात, तेव्हा पाकीट येताच फोन करा.

तारखेआधी टपालाने डबा येतो. त्यात प्रश्नावली आणि शौचाच्या नमुन्याच्या दोन नळ्या असतात, दोन वेगवेगळ्या दिवसांसाठी. कमोडमध्ये पसरायचा कागद सोबत देतात, तो पाण्यात विरघळतो. किळस बाजूला ठेवा. आतड्याच्या कर्करोगाची शंका याच चाचणीतून येते. आदल्या रात्री नऊनंतर काही खायचं नाही. सकाळचा चहाही नाही, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

निशी-कासाईहून तोझाई लाइनने, म्हणजे टोकियोच्या मेट्रोने, निहोम्बाशीच्या तपासणी केंद्रात पोचले. मंगळसूत्र घरीच ठेवा, एक्स-रेच्या आधी काढायला लावतातच. लॉकरची किल्ली मनगटाला, अंगात गाऊन, हातात फाइल, आणि एका खोलीतून दुसरीत. कुठे जायचं हे विचारावंही लागत नाही, कोणीतरी अदबीने पुढच्या खुर्चीपर्यंत नेतं. कंबर बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर मोजतात, त्यामुळे पोट आत ओढून उपयोग नाही. मर्यादा पुरुषांना ८५ सेंटीमीटर आणि बायकांना ९०. जगात बहुतेक ठिकाणी हे उलट असतं, पण इथे वाद घालून काय होणार!

कानात शिट्ट्या, डोळ्यांच्या पडद्याचा फोटो, फुंकर मारायची नळी, पोटाची सोनोग्राफी हे सगळं भराभर उरकतं. खरी गंमत बेरियमची, म्हणजे एक्स-रेत पोट नीट दिसावं म्हणून प्यायच्या पांढऱ्या द्रवाची. जपानमध्ये पोटाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं, म्हणून ही तपासणी. आधी फसफसणारी पूड घोटभर पाण्याबरोबर गिळायची. पोट टम्म फुगतं आणि ढेकर द्यायची सक्त मनाई. मग पेलाभर बेरियम, चव साडीच्या खळीसारखी. तो पोटात घेऊन तुम्ही एका फळीवर, आणि ती फळी तुम्हाला डोकं खाली करून तिरपी करते. काचेपलीकडून स्पीकरवर आज्ञा सुटतात. ‘मिगी’ म्हणजे उजवीकडे, ‘हिदारी’ डावीकडे, ‘इकि ओ तोमेते’ म्हणजे श्वास रोखा, ‘राकु नि’ म्हणजे सोडा. एवढे चार शब्द पाठ करून जा. सूचना समजत नसतील तर काही केंद्रं बेरियम देतच नाहीत. त्यापेक्षा थोडे जास्त पैसे भरून नाकातून जाणारा कॅमेरा बरा, पुढच्या वेळी मी तोच घेणार.

नंतर जुलाबाच्या गोळ्या देतात. त्या तिथेच घ्या आणि दिवसभर भरपूर पाणी प्या, नाहीतर बेरियम आत घट्ट बसतो. दुपारी कोणाला भेटायचं ठरवू नका. एवढंच सांगते.

बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड नेहमीच्या यादीत नसतात. शाकाहारी असाल तर बी-१२ वेगळे पैसे भरून करा, नाहीतर भारतात गेल्यावर करून घ्या. साखर आणि कोलेस्टेरॉलची एककं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे इथला कागद पुण्याच्या डॉक्टरांनाही वाचता येतो. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी पॅकेजमध्ये आहे का तेही बघा. नसेल तर वॉर्ड ऑफिसकडून होते, बऱ्याचदा फुकट किंवा नाममात्र पैशांत. गर्भाशयमुखाची वयाच्या विसाव्या वर्षापासून, स्तनांची चाळिशीपासून, दोन्ही दर दोन वर्षांनी.

काही आठवड्यांनी निकाल येतो, प्रत्येक रकान्यात ए, बी, सी, डी. बी दिसला म्हणून घाबरू नका, इथे बीएमआय २५ झाला की लठ्ठ म्हणतात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.६ च्या पुढे गेलं की खूण होतेच, आणि आपल्यातल्या पुष्कळांची होते. डी, म्हणजे पुढची तपासणी किंवा उपचार हवेत असा शेरा, असेल तर मात्र डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. सोबत डॉक्टरांच्या नावे बंद पाकीट आलं तर ते न उघडता दवाखान्यात न्या. तपासणीला विमा लागू नसला तरी तिच्यातून निघालेल्या पुढच्या चाचण्यांना आणि उपचारांना तो लागू होतो, आणि आपल्याला ३० टक्केच भरावे लागतात.