सोळाव्या गुणसूत्राचा अहवाल

कोल्हापुरातील एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे. आयव्हीएफने राहिलेला गर्भ गेल्यानंतर जोडपी पुन्हा येतात, तेव्हा ती पुढच्या ट्रान्सफरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची, तारीख विचारतात; परंतु खुर्चीवर जरा स्थिरावली की खरा प्रश्न बाहेर पडतो, आणि तो म्हणजे ‘आमचे चुकले कुठे?’ ज्या दिवसाविषयी लिहिते आहे, त्या दिवशी या प्रश्नाचे छापील उत्तर माझ्या टेबलावर होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

राधानगरी तालुक्यात शिक्षिका असलेल्या, छत्तिशीतल्या या बाईंच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. पहिल्याच ट्रान्सफरला गर्भ राहिला, सोनोग्राफीत ठोके दिसले आणि नवव्या आठवड्यात ते थांबले. पिशवी साफ करताना डॉक्टरांनी आठवणीने नमुन्याचा काही भाग सलाईनमध्ये ठेवून जनुकीय तपासणीसाठी पाठवला होता. ही आठवण महत्त्वाची, कारण फॉर्मॅलिनमध्ये नमुना पडला की डीएनए खराब होतो, आणि घाईत पुष्कळदा नेमके तेच घडते. अहवालात लिहिले होते : ट्रायसोमी 16. म्हणजे सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. गर्भपातांत सर्वाधिक आढळणारी ट्रायसोमी हीच, आणि प्रत्येक पेशीत ती असेल तर असा गर्भ जन्मापर्यंत पोहोचत नाही.

सोबत नवरा आणि सासूबाई होत्या. सासूबाईंचे म्हणणे एका वाक्याचे होते : “मी म्हटलं हुतं, यष्टीनं जाऊ नगंस.” बाईंनी तर त्या आठवड्यांची वहीच आणली होती. कोणत्या दिवशी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलले, कोणत्या दिवशी एसटीत उभे राहून प्रवास झाला, डोहाळजेवणाला गेल्यावर पपईची फोड खाल्ली की नुसती हातात धरली, हे सारे तारखांसह लिहिलेले होते.

मी कागदावर गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या काढून दाखवल्या. स्त्रीची अंडबीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर कित्येक वर्षे थांबून राहतात. पुढे ते विभाजन पुरे होताना एखादी जोडी नीट सुटत नाही, आणि वय वाढते तसे हे अधिक वेळा घडते. ही चूक गर्भ रुजण्याआधीच झालेली असते, त्यामुळे एसटीचे हादरे, गठ्ठे किंवा पपई यांचा तिच्याशी संबंध नाही. इथे शब्द फार जपून वापरावे लागतात, कारण ‘अंडबीजातील दोष’ एवढेच ऐकून घरी गेलेली माणसे एक आरोप काढून दुसरा ठेवतात. सासूबाई त्याच वळणावर होत्या. नवऱ्याने त्यांना थांबवले. “आई, आपल्या उसाच्या लावणीत नांग्या पडत्यात, तवा तू कुणाला बोलतीस?” नांग्या म्हणजे कांडी न उगवल्याने राहिलेल्या मोकळ्या जागा. माझ्या तेवीस जोड्यांपेक्षा त्याचे हे वाक्य त्यांना लवकर कळले.

बाई मात्र रडू लागल्या. “मॅडम, एसटीमुळे झाले असते, तर पुढच्या वेळी मी रजा घेतली असती. आता मी काय करायचे?”

अहवाल हातात आला की पेशंटला दिलासा मिळतो, असे आमच्या क्षेत्रात धरून चालतात. ते अर्धेच खरे आहे. स्वतःला दोष देणारी बाई निदान काही तरी आपल्या हाती होते असे मानत असते. अहवालाने तिचा दोष जातो आणि त्याबरोबर तो आधारही जातो. म्हणून मी ‘काळजी करू नका’ म्हटले नाही. जे हाती होते ते सांगितले : गर्भाला आधार देणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वेळेवर घेणे, थायरॉइड आणि साखर तपासणे, फॉलिक ॲसिड चालू ठेवणे. एकदा असे झाले म्हणून पुढच्या वेळी होईलच असे नाही, हेही सांगितले. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्याने काही फायदा होत नाही, हे ऐकल्यावर सासूबाईंनी विचारले, “म्हंजे यष्टीनं जाऊ द्यायचं?” मी म्हटले, “जाऊ द्या.”

उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये त्यांचे दोन भ्रूण शिल्लक होते. ते वितळवून, काही पेशी काढून, गुणसूत्रे तपासून पुन्हा गोठवता येतात. पण त्या प्रत्येक पायरीत भ्रूणाला थोडा धोका असतो आणि तपासणीने भ्रूण सुधारत नाही, फक्त निवडता येतो. दोनच भ्रूण असताना हा खर्च करावा का, यावर डॉक्टर त्यांच्याशी बराच वेळ बोलले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी तपासणी नको म्हटले. पुन्हा गर्भ गेलाच तर नमुना सलाईनमध्येच पाठवाल ना, एवढे बाईंनी विचारून घेतले.

नवऱ्याला ट्रान्सफर मे महिन्याच्या सुटीत हवे होते. बाईंनी ठाम नकार दिला. “घरी बसून मी पुन्हा वही लिहीन. शाळा सुरू झाल्यावर करू.” जून ठरला.

“जूनला पाऊस असतोय, यष्टी येळंवर येत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांची तक्रार खरोखरच एसटीच्या वेळापत्रकाबद्दल होती.