१२० दिवस उलटले की पूर्ण भरपाई मिळते का?

तुम्ही विचारलंत म्हणून. फिलिपिनो खलाशांच्या दाव्यांत हा प्रश्न हटकून येतो: जहाजावर आजारी पडून मायदेशी आलेला माणूस १२० दिवसांत बरा झाला नाही, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे ६०,००० डॉलर मिळतात का?

नुसते दिवस भरले म्हणून नाही. तो समज फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या क्रिस्टल शिपिंग निकालाने रुजला आणि २००८च्या व्हर्गारा निकालाने मोडला. आता २०१५चा एल्बर्ग निकाल लागू होतो. खलाशी कंपनीच्या डॉक्टरपुढे हजर झाल्यापासून १२० दिवसांत त्या डॉक्टरने अंतिम मूल्यांकन द्यायचं. सबळ कारण असेल, म्हणजे उपचार बाकी असतील किंवा खलाशीच सहकार्य करत नसेल, तर मुदत २४० दिवसांपर्यंत जाते. कारण सिद्ध करायचं कंपनीने. त्यातही मूल्यांकन आलं नाही, तर अपंगत्व कायमचं आणि पूर्ण मानलं जातं. घोळ होतो तो आजारपणाच्या भत्त्यामुळे: तो १२० दिवसांपर्यंतच असतो आणि लोक दोन्ही मुदती एकच समजतात.

‘अंतिम’ या शब्दावर बरेच खटले फिरतात. ‘तात्पुरती ग्रेड’ (ग्रेड म्हणजे अपंगत्वाची श्रेणी, पहिली सर्वांत गंभीर) किंवा ‘पुढच्या तपासणीला यावे’ एवढ्याने भागत नाही. काम करण्यास योग्य की नाही, नसल्यास १ ते १४ पैकी कोणती ग्रेड, हे स्पष्ट हवं आणि ते खलाशाला कळवलेलंही हवं. ग्रेडवर रक्कम किती हलते पाहा: सातवीला २०,९०० डॉलर, चौदावीला जेमतेम १,८७०.

खलाशाची बाजू पडते ती बहुधा दोन जागी. पहिली, परतल्यावर कामाच्या ३ दिवसांत तपासणीला न जाणं. अंथरुणाला खिळला असेल, तर त्याच मुदतीत लेखी कळवलं तरी चालतं. फोनचा पुरावा नंतर सापडत नाही. दुसरी, स्वतःच्या डॉक्टरचा दाखला घेऊन थेट दावा ठोकणं. दोन डॉक्टरांचं जुळलं नाही, तर दोन्ही पक्षांनी मिळून तिसरा डॉक्टर नेमायचा. त्याचं मत बंधनकारक. ही मागणी खलाशानेच करायची. न केल्यास कंपनीच्या डॉक्टरचं मत टिकतं, असं २०१३च्या दुमादाग निकालाने ठरवलं. मात्र कंपनीचं वैध मूल्यांकन मुदतीत आलेलंच नसेल, तर तिसऱ्या डॉक्टरचा प्रश्नच उद्भवत नाही.