पाच मिनिटांचं काम

सकाळी सरांनी सांगितलं, "दारांच्या टॅगमध्ये फायर रेटिंगही दिसू दे." म्हणजे नकाशात दाराशेजारच्या माहितीच्या चिठ्ठीत, दार आगीत किती वेळ तग धरेल तेही. ड्रॉइंगमध्ये दारं 72. म्हटलं, ब्लॉकच आहे, म्हणजे साचा एकच, दारं सगळी त्याच्या नकला; पाच मिनिटांत होईल. ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) ब्लॉक बदलायचं बीएडिट उघडलं, दार कसं उघडतं ते दाखवणारा चाप जरा बारीक केला, नवा अ‍ॅट्रिब्यूट टाकला, म्हणजे टॅगमध्ये माहितीचा नवा रकाना, सेव्ह. चाप सगळीकडे बदलला, पण नवा रकाना एकाही जुन्या दारावर दिसेना! अर्थात, अ‍ॅटसिंक राहिलं होतं, म्हणजे नवे रकाने जुन्या दारांवर आणणारी कमांड. ते चालवलं तर रकाने आले, पण भिंतीवर चढू नयेत म्हणून आठवडाभर हाताने सरकवलेले टॅग निमूट मूळ जागी जाऊन बसले. अ‍ॅटसिंक असंच करतं हे मला माहीत होतं हो, आठवलं मात्र नंतर.

त्यातही 11 दारं ढिम्म. क्लिक केलं तर नुसत्या सुट्या रेषा. कुणीतरी एक्स्प्लोड करून ठेवलेली. एकदा ब्लॉक फोडला की मूळ व्याख्येशी संबंध संपला, मग ती दारं कशाला बदलतील? चरफडत सगळी पुसली, ब्लॉक पुन्हा बसवले. डबा उघडला तेव्हा चार वाजले होते.

संध्याकाळी हौसेने जुन्या फायली उघडून पाहिल्या, हा उद्योग कोणाचा ते शोधायला.

माझाच. मार्चमधला, सबमिशनच्या आदल्या रात्रीचा. 🙈